चारही खुरांचं तापमान

तारीख सोळा मार्च, रविवार. रक्कम एकवीस हजार रुपये, रोख. हजर माणसं पाच: मी, माझी पत्नी, घोटीहून आलेले माझे थोरले बंधू, वनरक्षक आणि टँकरवाला. ठिकाण येवल्याच्या पुढचा उघडा माळ, तिथला हरणांसाठी बांधलेला सिमेंटचा पाणवठा.

वडिलांचं वर्षश्राद्ध शुक्रवारी इंदिरानगरच्या घरी झालं होतं. जेवणावळ घालायची नाही, तो पैसा पाण्याला द्यायचा, असं पत्नीने सुचवलं आणि दादाला पटलं. आमच्याकडे हल्ली ही पद्धत पडली आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने उन्हाळ्यात रानातल्या जनावरांना टँकर द्यायचा आणि पाणवठ्याच्या कडेला नावाची छोटी फरशी बसवायची. तिथे आधीच्या अकरा फरशा होत्या, आमची बारावी. वडील एसटीत कंडक्टर होते आणि बरीच वर्षं त्याच रस्त्यावर त्यांची ड्यूटी असायची. हिवाळ्यात गाडीपुढून हरणांचा कळप उड्या मारत गेला की ते तिकिटं देणं थांबवून मोजायचे आणि घरी आल्यावर चहाआधी आकडा सांगायचे. मला मोजायची सवय तिथूनच लागली असावी.

हिशेब सरळ होता. पाच हजार लिटरचा टँकर दीड हजार रुपयांना. सोळा मार्च ते पंधरा जून असे चौदा रविवार, चौदा टँकर. पाणवठा अठरा फूट व्यासाचा, मध्ये दोन फूट खोल, कडेला उतरता. गावातले त्याला बशी म्हणतात. मी तिथेच मोबाईलवर गणित केलं. बशीत अठ्ठेचाळीसशे लिटर मावतात.

"म्हणजे दर वेळी दोनशे लिटर वाया," मी टँकरवाल्याला म्हणालो.

"शेठ, मोजून सांडतो," तो म्हणाला.

दादा हसला. "याला पगार त्याचाच मिळतो हो. अंबडला कंपनीत आहे."

टँकरवाल्याने पाणी सोडण्याआधी दोनदा लांब हॉर्न दिला. वनरक्षक पन्नाशी उलटलेला, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस. तो म्हणाला, हरणांना हा हॉर्न कळतो. टँकर गेला की अर्ध्या तासात ती येतात. हॉर्न ऐकून आधी मात्र मेंढ्या आल्या. एक म्हातारी धनगर बाई, तिच्यामागे दीडेकशे मेंढ्या.

"ह्या पण इथेच पितात का?" मी विचारलं.

"पितात ना. चार कोसांत दुसरं पाणी नाही. नाही कसं म्हणायचं?"

मला ते बरं वाटलं. वडिलांना आवडलं असतं, असं मी पत्नीला म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो होतो, त्यामुळे इथे लिहितो आहे.

माझं काम सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचा सुपरवायझर आहे. आमच्याकडे एक थर्मल कॅमेरा आहे. तो उजेड बघत नाही, उष्णता बघतो. चालू पॅनलसमोर धरला की कुठला जोड तापला आहे ते पडद्यावर पिवळं-पांढरं दिसतं. हात न लावता, वीज बंद न करता बिघाड आधीच कळतो. मी गेली नऊ वर्षं दर तीन महिन्यांनी एकशे बारा पॅनल असे तपासतो आणि अहवाल देतो.

आमच्या मांजराला इंजेक्शन द्यायला जातो त्या डॉक्टर मॅडमना मी हे सहज बोलता बोलता सांगितलं. पस्तिशीच्या आहेत, दवाखाना सांभाळून रानातल्या जनावरांचंही बघतात. त्या एकदम सावरून बसल्या. म्हणाल्या, "सर, मला नेमकं तेच हवंय." हरणाला धरून तपासता येत नाही. धरलं तर भीतीनेच मरतं. रक्त काढणं नाही, थर्मामीटर लावणं नाही. लांबून दिसते ती फक्त त्याच्या अंगाची उष्णता. डोळा, नाकपुडी, खूर या तीन जागा तापल्या तर ताप, सूज, संसर्ग, काहीतरी आहे. आजार डोळ्यांना दिसायच्या आधी कळतो. "तोच तर फायदा," त्या म्हणाल्या.

मी मॅनेजरकडून रविवारपुरता परत आणायच्या वस्तूचा गेटपास घेतला. कारण या रकान्यात "वन्यप्राणी" लिहिलेलं बघून मॅनेजर म्हणाले, "हरणांचा लोड किती आहे, तेही बघून या."

तीस मार्चला मी आणि डॉक्टर मॅडम पहिल्यांदा गेलो. उजाडताना माप घ्यावं लागतं. सूर्य वर आला की दगड, माती, केस सगळं तापतं आणि जनावराची स्वतःची उष्णता वेगळी ओळखता येत नाही. वनरक्षकाने बशीपासून चाळीस फुटांवर बाभळीच्या फांद्यांचा आडोसा करून ठेवला होता. त्यात आम्ही तिघं उकिडवे बसलो. सहाला कळप आला. मी मोजला: त्रेचाळीस. सात काळे नर, नऊ पाडसं, बाकी माद्या आणि अर्धवट वाढलेली.

पडद्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. पोटं पिवळी, डोळे पांढरे ठिपके आणि गुडघ्याखाली काहीच नाही. पाय जमिनीइतकेच गार असल्यामुळे चित्रात जमिनीत मिसळून गेले होते. सगळा कळप अधांतरी लटकल्यासारखा पाणी पीत होता.

"हे छान आहे," मॅडम कुजबुजल्या. "थंडीत अंगातली उष्णता वाचवायला पाय गार ठेवतात. निरोगी आहेत."

"पण खुरांचं माप मिळत नाही," मी म्हणालो. "लेन्स कमी पडते. बाहेरच्या स्विचयार्डमधल्या उंच तारांसाठी लांब पल्ल्याची आहे, पुढच्या वेळी ती आणतो."

मला त्या दिवशी चैन पडत नव्हतं ते यामुळेच. "छान आहे" हा शेरा झाला. आकडा नव्हता.

पुढची फेरी तेरा एप्रिलची. आदल्या दिवशी मॅडमच्या आईला दवाखान्यात भरती केलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे जाल का? फक्त फोटो घ्यायचेत." मी गेलो. नवी लेन्स लावली. हवा बावीस अंश. आठ जनावरं नीट टप्प्यात आली, प्रत्येकाचे चारही खूर मिळाले. बत्तीस मापं. चित्र इतकं स्वच्छ आलं की मी वनरक्षकाला पडदा दाखवला.

"पाय दिसायला लागले," तो म्हणाला.

"लेन्सचा फरक आहे," मी सांगितलं. त्या लेन्सची किंमतही सांगितली.

आता माझी चूक. ती विजेच्या माणसालाच होईल अशी आहे. पॅनलमध्ये तीन तारा असतात. एखादा जोड किती गरम आहे याला आम्ही एकट्याने महत्त्व देत नाही. शेजारच्या दोघांपेक्षा किती जास्त गरम आहे ते बघतो. एक तार साठ अंशांवर आणि दोन चाळीसवर, तर जोड ढिला. तिन्ही साठवर, तर काही बिघाड नाही. लोड जास्त आहे इतकंच. अहवालात आम्ही एक शब्द लिहितो: संतुलित. नऊ वर्षं मी हा शब्द लिहीत आलो आहे.

त्या आठ हरणांपैकी पाचांचे खूर तेहतीस-चौतीस अंशांवर होते आणि तिघांचे चोवीस-पंचवीसवर. पण प्रत्येक जनावराचे स्वतःचे चारही खूर एकमेकांशी जुळत होते. जास्तीत जास्त फरक शून्य पूर्णांक सहा. ते तीन गार का, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. मी उत्तरही शोधलं: ते पाण्यात उतरले असतील, ओले खूर गार दिसतात. मग घरी आल्यावर मॅडमना निरोप पाठवला: "आठ जनावरं, बत्तीस मापं. खुरांतला कमाल फरक ०.६ अंश. संतुलित. विशेष काही नाही." फोटो पाठवले नाहीत. कंपनीत आम्ही बिघाडाचेच फोटो जोडतो; बाकीचे कुणी बघत नाही.

मॅडमनी दवाखान्यातून उत्तर दिलं, "खूप आभार सर. निश्चिंत झाले."

सत्तावीस एप्रिलला आम्ही दोघं गेलो, तेव्हा वनरक्षक रस्त्यावरच उभा होता. नेहमी तो चहाचं विचारायचा. त्या दिवशी म्हणाला, "मॅडम, हरणं लंगडत्यात."

एकतीस आली. येताना पुढचा पाय टेकवायची आणि झटकन उचलायची, तापल्या तव्यावर पडल्यासारखा. एका काळ्या नराच्या तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत लोंबत होती. त्याने पाण्याला तोंड लावलं, मान झटकली, पुन्हा लावलं. चार पाडसं बशीच्या पलीकडे पडली होती. त्यांच्या आया जवळ उभ्या होत्या आणि पाणी प्यायला येत नव्हत्या.

मॅडमनी दुर्बीण खाली घेतली. "लाळ्या खुरकूत," त्या म्हणाल्या. गाईबैलांचा, मेंढ्यांचा रोग. तोंडात आणि खुरांत फोड येतात. घरच्या जनावराला लस असते, हरणाला कोण देणार? मोठं जनावर कधी कधी तगतं. पाडसाचं काळीज बंद पडतं.

नंतर त्यांनी माझा लॅपटॉप मागून घेतला आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवला.

"हे तेरा तारखेचे?"

"हो. आठ जनावरं."

त्या एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या. पाचव्या फोटोवर थांबल्या.

"सर, पाय दिसतायत."

"लांबची लेन्स होती ना."

"लेन्समुळे नाही दिसत ते." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "बाहेर बावीस आणि खुरात चौतीस. हे पाचही तापाने फणफणलेत. आणि तुम्ही लिहिलंत, विशेष काही नाही."

"चारही सारखे होते. म्हणून मी..." आणि तेव्हाच मला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं. चारही सारखे होते, कारण चारही आजारी होते.

"आणि हे तीन?" मी विचारलं. "गार खुरांचे?"

"ते चांगले होते," मॅडम म्हणाल्या.

वनरक्षक बाजूला तंबाखू मळत होता. त्याने मळणं थांबवलं नाही.

मी विचारलं, "तेरा तारखेला कळलं असतं तर?"

"त्याच दिवशी मेंढ्यांना वेगळं पाणी केलं असतं. बशी धुतली असती."

"मग वाचली असती?"

"काही."

"किती?"

"सर, असा आकडा नसतो."

मी आजही तो आकडा काढायचा प्रयत्न करतो. वेगवेगळ्या तऱ्हेने करतो. कधी सहा येतो, कधी पंचवीस. काहीच गृहीत धरायला आधार नाही, त्यामुळे कुठलाच खरा नाही.

मॅडमना मेंढ्या बघायच्या होत्या. म्हातारी लिंबाच्या सावलीत बसली होती. कॅमेरा बघून ती म्हणाली, "मेंढराच्या पायाचं फोटू काढून कुढं लावनार बाई? देव्हाऱ्यात?"

"आजी, पाय तापलेत का बघतेय."

"तापनारच. उन्हाचं मानसाचं बी पोळत्यात."

"अहो, सावलीत बसल्यात की त्या."

"मंग सावलीत बसून बरी व्हतील. आमच्या मेंढराला रोग नाय. खात्यात, पित्यात, बघा ना."

खरंच, दिसायला मेंढ्या ठणठणीत होत्या. एखादी जरा पाय आखडून चालत होती, तेवढंच. मेंढीत हा रोग असाच लपून राहतो, असं मॅडम म्हणाल्या. मी माप घेतलं. वीसपैकी अकरा मेंढ्यांचे खूर तापलेले होते. या वेळी मी सगळे फोटो मॅडमच्या मोबाईलवर तिथल्या तिथे पाठवले. त्यांनी ते उघडले नाहीत. त्या समोरच उभ्या होत्या.

म्हणजे मेंढ्या आणि हरणं दीड महिना एकाच पाण्याला तोंड लावत होती, आणि ते पाणी दर रविवारी मी पाठवत होतो. वनरक्षक हे बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "साहेब, पाणी तुमचं हाय. बंद करायचं का चालू ठेवायचं, तुम्ही सांगा."

बंद केलं तर हरणं पाण्यासाठी वस्तीकडे जातील. तिथे कांद्याची शेतं, उघड्या विहिरी आणि कुत्री आहेत. लंगडं हरीण कुत्र्यापुढे दोनशे फूटही जात नाही. चालू ठेवलं तर उरलेली सुद्धा त्याच बशीत तोंड घालतील. मॅडमनी तिसरा मार्ग सांगितला: बशी रिकामी करायची, धुण्याच्या सोड्याने घासायची, पुन्हा भरायची. मेंढ्यांसाठी एक किलोमीटरवर खड्ड्यात ताडपत्री घालून वेगळं पाणी. "उपयोग होईल?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न करण्यापेक्षा करू."

घरी आल्यावर पत्नीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अहो, पण फोटो का नाही पाठवलेत? बत्तीसच होते ना?"

"सवय नाही," मी म्हणालो.

तिने ताट वाढलं. पुन्हा तो विषय काढला नाही. मी जेवलो नाही.

दादाचा घोटीहून फोन आला. तो तांदळाचा व्यापार करतो, मनात ठेवत नाही. "ती फरशी काढून टाक आधी. बाबांच्या नावाने हरणं मारली म्हणतील लोक."

"फरशीवर काय लिहिलंय दादा? नाव आणि त्यांच्या स्मरणार्थ पाणी. त्यात खोटं काय आहे?"

"तू ना, पंचनाम्यासारखं बोलू नकोस," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

चार मेला आम्ही बशी धुतली. मी, मॅडम, वनरक्षक आणि गावातले दोघे. सोडा वीस किलो. खराट्याने घासली, दोनदा पाणी मारलं, एक तास उन्हात वाळवली, मग टँकर ओतला. एक किलोमीटरवर ताडपत्रीचं तळं केलं, त्यात दुसरा टँकर. म्हातारीला मॅडमनी समजावलं. ती कुरकुरली, पण हलली. कारण तोपर्यंत तिची तीन कोकरं गेली होती.

"बाई, आता काय म्हनतंय तुझं यंत्र?" तिने विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

"बाकीच्या जगतील आजी. मोठ्या मेंढ्या जगतात."

"आन् हरनं?"

मॅडम ताडपत्रीची कड दगडाने दाबायला वाकल्या.

आम्हाला वाटलं, एक गोष्ट तरी नीट झाली. अकरा मेला आडोशात बसलो. साडेसहा झाले, सात झाले. बशी काठोकाठ भरलेली आणि एकही हरीण नाही. कॅमेऱ्यात नुसता पाण्याचा गार, गडद गोल.

साडेसातला वनरक्षकाचा मोबाईल वाजला. टँकरवाला ताडपत्रीच्या तळ्यावर होता. वनरक्षकाने ऐकलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "तिकडं गेलीत."

सोड्याचा वास आठवडाभर बशीवरून गेला नव्हता. हरणं वासाला बुजली. आणि टँकरवाल्याने नव्या तळ्यावर पाणी सोडण्याआधी सवयीने दोन लांब हॉर्न दिले होते. पुरा कळप हॉर्नमागे गेला आणि मेंढ्यांच्या पाण्यावर उभा राहिला. आम्ही पोचलो तेव्हा ती मेंढ्यांच्या मधून माना घालून पीत होती. म्हातारी काठी घेऊन त्यांना हाकलत होती, हरणं चार पावलं लंगडत मागे व्हायची आणि परत यायची.

"मी काय केलं?" टँकरवाला म्हणाला. "दर वेळी तर असाच देतो. कुनी सांगितलं का, हॉर्न वाजवू नको म्हणून?"

कुणी सांगितलं नव्हतं. सोड्याचे किलो, बशीचा व्यास, दोन पाण्यांतलं अंतर, सगळं मी कागदावर मांडलं होतं. हॉर्न त्यात नव्हता.

मॅडम गाडीत जाऊन बसल्या. बराच वेळ दार उघडं ठेवून पाय बाहेर टाकून बसून राहिल्या. परतीच्या रस्त्यात निफाड आलं. मग त्या म्हणाल्या, "आपल्याला आजार दिसतो सर. बस, तेवढंच."

त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी मी गेलो. खरं तर कॅमेऱ्याची गरज राहिली नव्हती. लंगडणं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं. पण मी मापं घेतली. अठरा मेला बावीस हरणं आली, चौदांचे खूर तापलेले. पंचवीसला सतरा आली, सहांचे तापलेले. कुणी कागद बघितला तर म्हणेल, रोग कमी होतोय. तापलेल्या पायांची जनावरं मरत होती म्हणून सरासरी सुधारत होती. असा अहवाल कंपनीत दिला असता तर मला शाबासकी मिळाली असती.

कुत्र्यांचं सांगायचं राहिलं. वनरक्षक मेलेली हरणं हातानेच खड्डा करून पुरत होता. माळाची जमीन दगडी, दीड फुटाखाली टिकाव जात नाही. कुत्री दुसऱ्या दिवशी उकरून काढायची. खणून खणून वनरक्षकाची पाठ धरली होती. "माझी नोकरी इथंच सुरू झाली," तो एकदा म्हणाला. "तवा धा हरनं बी दिसायची नाहीत. एवढी वाढताना मी बघितली." मग त्याने पुन्हा टिकाव उचलला.

म्हातारी मेच्या शेवटी मेंढ्या घेऊन दक्षिणेकडे गेली. जाताना बशीवर थांबली नाही.

एक जूनला चौदा हरणं आली. एकही पाडस नाही. नर एक. सगळ्यांचे पाय पडद्यावर गुडघ्याखाली नाहीसे झाले होते. मॅडम बघत राहिल्या आणि म्हणाल्या, या चौदांना आता हा रोग लवकर होणार नाही. अंगात ताकद आली आहे. पाणी चालू ठेवायला हरकत नाही.

"एका नरावर कळप वाढेल?" मी विचारलं.

"तो जगला तर. आणि बाहेरून दुसरे आले तर." मग थोड्या वेळाने, "इथे बाहेरून कुठून येणार?"

चौदा जनावरांना पाच हजार लिटर आठवडाभरात संपत नाही. पुढच्या रविवारी टँकर आला तेव्हा बशी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. टँकरवाल्याने नळी धरून विचारलं, "शेठ, ओतू का?" ठरलेलं पाणी होतं, मी ओत म्हणालो. बशी भरली आणि उरलेलं कडेवरून, बाराही फरशांवरून वाहत माळावर गेलं.

माझा हिशेब असा. तीस मार्चला मोजलेली त्रेचाळीस. उरलेली चौदा. मेलेली सापडली ती एकोणीस. दहांचा पत्ता लागला नाही. विहिरीत गेली, कुत्र्यांनी नेली की दुसरीकडे निघून गेली, माहीत नाही. दुसरीकडे गेली असतील असं मी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आठ जूनला वनरक्षकाने सांगितलं, उघडी पडलेली सगळी हाडं आणि अर्धवट सांगाडे एकत्र करून खोल पुरायला हवेत. गावातली गुरं त्या वाटेने जातात. मंजुरीचा कागद पुढे गेला आहे, पण पैसे यायला वेळ लागेल आणि कुत्री थांबत नाहीत. मी जेसीबी बोलावला. मॅडमनी जागा दाखवली, बशीपासून लांब, उताराच्या दुसऱ्या अंगाला. सात फूट खोल. खाली चुना, मग सांगाडे, वर चुना, मग माती. वनरक्षक एकेक मोजून टाकत होता आणि मी वहीत रेघ ओढत होतो. एकोणीस रेघा झाल्या.

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि खड्ड्याकडे एकदा बघून म्हणाला, "एवढी हरनं होती व्हय इथं?"

चुन्याच्या तीन गोणी, दुकानदाराला सहाशे नव्वद रुपये. जेसीबीचे दोन तास, तासाला बाराशे. चोवीसशे रुपये मी जेसीबीवाल्याच्या हातात रोख दिले. त्याने मोजून घेतले.